शिष्यवृत्तीची नववी अट

टेबलावर सव्वीस बाटल्या होत्या. तेवीस पाण्यानं भरलेल्या, दोन रिकाम्या आणि एकीत चहा.

गदगमधल्या आमच्या कॉलेजची ती प्रयोगशाळा आता राहिली नाही. तिथं संगणकाचा वर्ग भरतो. पण ती दुपार मला अजून जशीच्या तशी दिसते. मी नुकतीच रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन तिथं लागले होते. मुंडरगीकडच्या खेड्यांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त, पोरांचे दात तपकिरी. गावातल्या समाजसेवी क्लबला तिथल्या शाळांसाठी आपल्या जागतिक फाउंडेशनकडून पाणी गाळायची यंत्रं मिळवायची होती, आणि त्या अर्जाला आकडे लागत. तपासणी माझ्याकडे होती. नमुने गोळा करायचं काम सदस्यांनी वाटून घेतलं होतं. कापडवाले, दातांचे डॉक्टर, मिरचीचे अडते, सगळे रविवारी बाटल्या घेऊन हिंडत.

चहाची बाटली आणणारा दारातच उभा होता. बोटांना शाई लागलेली.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"थर्मास फुटला होता... साखर जास्त निघाली तर कळवा, मॅडम. अव्वाला सांगतो."

अव्वा म्हणजे त्याची आई. मी हसले नाही. निदान तो बघत असताना तरी नाही.

मुरुगेश पट्टणशेट्टी. वय एकोणतीस, क्लबमधला सगळ्यांत लहान सदस्य. स्टेशन रोडला त्याचा छापखाना होता आणि क्लबचं साप्ताहिक पत्रक तोच छापायचा. पुढच्या रविवारी त्यानं बाटल्यांसाठी लेबलं करून आणली. ओल्या हातानं चोळली तरी अक्षर पसरत नव्हतं. त्यासाठी त्यानं तीन जातींचे कागद दिवसभर बादलीत बुडवून ठेवले होते, हे मला त्याच्या मशीनवरच्या इराप्पाकडून कळलं.

मग मीही नमुने आणायला जाऊ लागले. कारण शास्त्रीय होतं – बाटली कशी भरायची हे सदस्यांना नीट कळत नव्हतं. छापखान्याची व्हॅन, दोन्ही बाजूंना वाळत घातलेल्या मिरच्यांचा लाल पट्टा, खिडकीतून येणारा तिखट वारा. आम्ही दोघंही शिंकायचो. परतताना गाडीवर चुरमुऱ्यांचं गिरमिट खायचं. एकदा लेबलावरची वेळ दोन तासांनी चुकलेली म्हणून मी एक बाटली ओतून दिली, तेव्हा तो त्या ओल्या मातीकडे बराच वेळ बघत राहिला. तुमच्यासमोर खोटं बोलायची सोयच नाही, असं काहीतरी पुटपुटला.

तो क्लबबद्दल फार प्रेमानं सांगायचा. प्रत्येक सदस्य दरवर्षी फाउंडेशनला काहीतरी पाठवतो, कुणी मुलगी पास झाली म्हणून, कुणी वडिलांच्या स्मरणार्थ. जगभरातलं ते सगळं एकत्र होतं आणि फिरून एखाद्या शाळेच्या नळाला येतं. "माझे अप्पा गेले तेव्हा मीही पाठवलं," तो म्हणाला. "आता कुठल्या नळात आहेत, देव जाणे."

सहाव्या रविवारी ‘मॅडम’ गळून पडलं. आठव्या रविवारी त्यानं व्हॅन माझ्या घरासमोर उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही.

"शुक्रवारी अव्वा तुमच्याकडे येतेय. चहाला."

"फक्त चहाला?"

"त्या चहात काय विरघळलंय... ते तू तपास."

त्याच आठवड्यात हिरेगौडर सर कॉलेजात आले. निवृत्त हेडमास्तर, क्लबचे अध्यक्ष. फाउंडेशन नुसती यंत्रं देत नाही, पाण्याच्या शिक्षणासाठी परदेशी शिष्यवृत्तीही देतं. नेदरलँड्समध्ये अठरा महिने, सगळा खर्च त्यांचा. माझे आकडे पाहून त्यांनी माझं नाव आधीच कळवून टाकलं होतं. अर्ज घरी नेऊन सावकाश भर म्हणाले. आमच्या घरात हुबळीच्या पलीकडे शिकायला कुणी गेलं नव्हतं. तो अर्ज मी उशीखाली ठेवला.

शुक्रवारी कुणी आलं नाही. माझ्या अव्वानं पाहुण्यांसाठी आणून ठेवलेली करदंटाची मिठाई शनिवारी अप्पांनी एकट्यानं, न बोलता संपवली.

सोमवारी मी छापखान्यात गेले. इराप्पानं मला पाहिलं आणि मशीन बंद करून बाहेर निघून गेला.

"तुमच्या अव्वा येणार होत्या."

"गुडघा दुखतोय तिचा."

"दोन्ही?"

"...एकच."

"मग दुसऱ्यावर यायचं."

त्यानं खण उघडला आणि माझ्यासमोर एक कागद ठेवला. माझ्याच अर्जाची कोरी प्रत. नवव्या अटीखाली शाईची रेघ होती. अर्जदार क्लबच्या सदस्याची पत्नी, मुलगी किंवा सून नसावी. सदस्याशी तिचा विवाह ठरलेला नसावा. शिक्षण संपेपर्यंत हीच अट लागू राहील.

मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा अक्षरं दिसली, दुसऱ्यांदा अर्थ.

"मी क्लब सोडायलाही तयार होतो," तो म्हणाला. "सरांना विचारलं. सोडल्यावरही तीन वर्षं तीच अट."

"आणि मला विचारावंसं नाही वाटलं?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस."

"फार खात्री आहे."

"नाही... भीती आहे. हो म्हणाली असतीस, तर या कागदावर खरं लिहून घरी बसली असतीस. दोन तासांच्या चुकीसाठी बाटली ओतणारी बाई तू." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "म्हणून विचारत नाही, दाक्षी. तू परत येईपर्यंत विचारणार नाही."

"आणि तोवर तुझ्या अव्वानं दुसरी बघितली तर?"

त्यानं कागद पुन्हा खणात ठेवला. वचन देणं म्हणजेच ठरवणं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मी तिथून निघाले तेव्हा आमच्यात काहीच ठरलेलं नव्हतं.

मुलाखत धारवाडला झाली. समितीतल्या एका बाईंनी सरळच विचारलं, कुणा सदस्याशी लग्न ठरलंय का. मी म्हणाले, "नाही. मला कुणी विचारलेलं नाही. विचारलं असतं, तर मी आज इथं आले नसते." बाईंनी माझ्याकडे बघत टोपण पेनला लावलं. हिरेगौडर सर छताचा पंखा निरखत बसले होते.

मी गेले. मुरुगेशनं एक ओळही लिहिली नाही. फक्त क्लबचं चार पानी पत्रक दर आठवड्याला पोस्टानं यायचं. पाकिटावर पत्ता छापलेला, हस्ताक्षर कुठंच नाही. शाईचा वास मात्र तोच. बाहेर सायकलींच्या घंटा वाजत असायच्या आणि मी खिडकीशी उभी राहून आधी शेवटचं पान उघडायची. तिथं ‘शुभविवाह’ची चौकट असे. ती वाचून झाली की मगच रक्तदान, मग यंत्रांना मिळालेली मंजुरी, मग हिरेकोप्पच्या शाळेत बसवलेल्या पहिल्या यंत्राचा फोटो. अठरा महिन्यांत अठ्ठ्याहत्तर अंक निघाले. मला त्र्याहत्तर मिळाले. पाच पोस्टात हरवले, आणि त्या पाचांनी माझी झोप उडवली.

परतल्यावर चौथ्या दिवशी मी हिरेकोप्पला गेले, यंत्राचं पाणी तपासायला. मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीवर गेली होती. मुरुगेश शाळेच्या पायरीवर बसला होता. थोडा वाळलेला, चष्मा लागलेला. आम्ही आधी पाण्याबद्दल बोललो. मग गाळणीच्या नळीबद्दल. नळीबद्दल जेवढं बोलता येतं तेवढं बोलून झालं.

बाटली भरताना मी म्हटलं, पाच अंक पोहोचले नाहीत. त्यांत कुणाकुणाची लग्नं होती?

"एकात दातांच्या डॉक्टरांच्या भाचीचं. बाकीच्यांत नव्हती."

"आणखी कुणाचं नाही?"

"छापणारा मीच." त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला. "राहून गेलं असेल तर... फाइल बघून सांगतो."

मी मीटरची कांडी पाण्यात सोडली. आकडा थांबायला दोनेक मिनिटं लागतात. दीड मिलिग्रॅमच्या वर गेला तर यंत्र उपयोगाचं नाही. आकडे सरकत होते आणि मी त्यांच्याकडेच बघत होते, कारण दुसरीकडे बघायचा धीर नव्हता.

"शिष्यवृत्ती संपल्याचं पत्र आलं?" त्यानं विचारलं.

"काल आलं."

"शिक्का?"

"सही आणि शिक्का, दोन्ही."

त्यानं एक मोठा श्वास घेतला. "दाक्षी, माझ्याशी लग्न करशील?"

"हो."

मीटर थांबलं. फ्लोराइड, लिटरला ०.७४ मिलिग्रॅम.