पिवळा तुकडा

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मला ती सोय नाही. ती गोधडी आत्ता माझ्या पाठीमागे अंथरलेली आहे आणि तिच्यावर माझं बाळ झोपलंय.

रात्रीची गोष्ट शोधत असाल तर ही तशी नाही. सगळं भर दुपारी घडलं. आमच्या मागच्या खोलीत, लख्ख उजेडात.

सासूबाई महिनाभर भावाकडे गेल्या होत्या. त्यांच्या कपाटात जुन्या कपड्यांचं गाठोडं होतं. म्हटलं, त्या येईपर्यंत ठोंब्याला गोधडी शिवू. ठोंब्या म्हणजे माझा मुलगा. नुकता पालथा पडायला लागलाय आणि तेवढ्यावर भलताच खूश आहे.

नवऱ्याचे विरलेले शर्ट, माझा बाळंतपणातला गाऊन, जुने अभ्रे... सगळ्यांचे चौकोन कापले. गाठोड्याच्या तळाशी एक पिवळा तुकडा मिळाला. तळहाताएवढा, सायीसारखा मऊ.

तो मी बरोब्बर मधोमध लावला. बाळाचा गाल तिथे येईल म्हणून.

पहिल्याच दुपारी ठोंब्या गाढ झोपला.

पण मधे नाही...

काठाला. कुशीवर, पिवळ्या तुकड्याकडे तोंड करून.

रोज तसंच.

एकदा मी भांडी घासत होते. आतून खुदखुद हसू आलं. हात पुसत दारात आले. ठोंब्या झोपला होता. ओठ मिटलेले.

हसू मात्र अजून येत होतं...

तुकड्यावर हात ठेवला. ऊबदार. कोणीतरी आत्ताच तिथून उठल्यासारखा.

सासूबाई परतल्या. गोधडी पाहून म्हणाल्या, "टाके घातलेस की कोंबडी नाचवलीस गं?"

मग पिवळा तुकडा दिसला आणि त्या खालीच बसल्या.

"हा मधे लावलास?"

"हो. का हो, आई?"

"तुझ्या नवऱ्याच्या आधी मला एक मुलगी झाली होती. राहिली नाही. तिचं झबलं हे." तुकड्यावरून बोट फिरवत म्हणाल्या, "गेलेल्याचं कापड काठाला लावायचं, मधे नाही. माझी आई सांगायची. का, ते तिनेही कधी सांगितलं नाही."

मी लगेच तो उसवला.

काठाला झोपलेला ठोंब्या दचकून उठला आणि रडायला लागला. असा, की श्वासच अडकला. ओठ निळे पडले...

सासूबाईंनी तुकडा नुसता जागेवर ठेवला.

रडणं तिथल्या तिथे थांबलं.

मी तो परत शिवला. सासूबाई शेजारी बसून थोपटत होत्या. वर पाहिलं, तर त्यांचा हात ठोंब्यावर नव्हताच.

त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर होता...

नवरा म्हणतो, "तुझी झोप होत नाही, म्हणून असं वाटतं." झोप होत नाही हे खरंच आहे.

ठोंब्या भराभर वाढतोय. झबली आखूड होतायत.

आणि तो तुकडा... लावला तेव्हा तळहाताएवढा होता. आज दोन्ही हात पसरून ठेवले, तरी कडेने पिवळं दिसतंय. टाके तेच आहेत. माझेच, वाकडेतिकडे.

ठोंब्या आता अगदी कडेला झोपतो. एक पाय फरशीवर. मी त्याला उचलून मधे ठेवते. वळून पाहते तर पुन्हा कडेला.

म्हणून मी गोधडीला चहूबाजूंनी नवे चौकोन जोडायला घेतलेत. माझ्या बाळाला जागा उरावी म्हणून. दुसरं काय करू?

सासूबाई शोधून शोधून कपडे आणून देतायत.

पण घरातले जुने कपडे आता संपत आलेत.