सहज आलो होतो

इरफान सतारमेकर खुर्चीतून तिसऱ्यांदा उठला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. त्याला कुणी ऊठ म्हटलं नव्हतं.

“बघितलंत अण्णा?” डॉ. ऋजुता माईणकरने वडिलांना विचारलं. “यंत्र चालू आहे हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तरी बसवत नाही.”

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. यंत्र दिसलं की आधी त्याची कळ कुठे आहे ते बघायचं, ही जुनी सवय. पण मिरजेच्या या ध्वनिशास्त्र प्रयोगशाळेत ते आज हौसेने नव्हे, गाऱ्हाणं घेऊन आले होते. बापलेक एकाच कृष्णाकाठ सोसायटीत राहत, दोन गल्ल्यांच्या अंतराने. तिथल्या पाण्याच्या टाकीखाली रोज संध्याकाळी सात-आठ पोरांचं टोळकं जमायचं. बाटल्या फुटायच्या, मोटारसायकलींच्या शर्यती लागायच्या आणि क्लासहून येणाऱ्या मुलींना लांबच्या वाटेने घरी जावं लागायचं. पोलीस आले की टोळकं पांगे, ते गेले की पुन्हा जमे.

“कानाला ऐकू न येणारा, फार खालच्या पट्टीतला आवाज आहे हा,” ऋजुता म्हणाली. “आम्ही त्याला मंद्रध्वनी म्हणतो. झोत धरून एकाच माणसावर सोडता येतो. इजा काही होत नाही. फक्त इथं थांबू नये असं वाटायला लागतं, आणि का वाटतंय ते कळत नाही.”

“मग तिथं थांबलेल्या भल्या माणसालाही तसंच वाटेल की.”

“तिथंच तर गाडी अडलीय काका,” इरफान म्हणाला. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सतारी बनत. बेसूर काय आहे ते त्याला आधी कळे. “यंत्र चाल बघतंय, नजर बघतंय, बोलणं ऐकतंय. कामासाठी थांबलेल्याला सोडायचं, बिनकामाच्याला सात मिनिटांनी उठवायचं. पण बिनकामाचा ओळखायचा कसा? त्याची पक्की खूण घावंना झालीय.”

“त्यात काय अवघड? मी रोज विचारतो, काय करताय रे इथं? त्यांचा म्होरक्या संग्राम, त्याचं उत्तर ठरलेलं. काही नाही काका, सहज थांबलोय.”

इरफान आणि ऋजुताने एकमेकांकडे पाहिलं. सोसायटीच्या कॅमेऱ्यातली टाकीखालची वर्षभराची ध्वनिमुद्रणं त्यांनी त्याच दुपारी पुन्हा तपासली. पोलिसांनी विचारो, पहारेकऱ्याने विचारो, उत्तर तेच होतं. यंत्राला खूण मिळाली. अण्णांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आठवड्याभरात टाकीखाली शुकशुकाट झाला. लोकांनी यंत्राचं नावही ठेवून टाकलं, उठवण्या. टोळकं तिथून उठून जिन्यांत शिरलं, तेव्हा सोसायटीच्या समितीने ठराव करून प्रत्येक घराच्या दारघंटीत एकेक छोटा उठवण्या बसवून घेतला. घरच्या माणसाला वगळायचं आणि बाहेरच्याला, मग तो जिन्यात असो की आत बैठकीत, पारखायचं, असा नियम ठरला. त्या सभेला अण्णा नव्हते. ते सांगलीला हृदयाच्या डॉक्टरांकडे गेले होते. परत आले तेव्हा दाराला नवी घंटी होती. जुनी तशीही खरखरायची, म्हणून त्यांनी चौकशी केली नाही.

चौकशी करण्यासारखं दुसरंच काही त्यांच्या खिशात होतं. हृदयाची झडप बदलायला हवी, पंधरा दिवसांच्या आत, आणि मुलीला घेऊन या, तिची सही लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तो कागद चार घड्या घालून सदऱ्याच्या खिशात गेला.

आता असा कागद कुणी दारातच पुढे करत नाही. आधी चहा, मग इकडचं तिकडचं, आणि मग निघता निघता, एक पाय चपलेत घालून, “अगं हो, एक सांगायचं राहिलंच.” अण्णांनी आयुष्यातल्या सगळ्या मोठ्या गोष्टी अशाच सांगितल्या होत्या. स्वतःची निवृत्तीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी ते ऋजुताकडे गेले.

“काय अण्णा, काही काम होतं?”

“काही नाही गं. सहज आलो.”

चहा अर्धा झाला आणि अण्णांना वाटायला लागलं, आपण इथं उगाच बसलोय. लेक दमून आलीय, तिचं लक्ष घड्याळाकडे आहे, आपण नको आहोत तिला. “येतो गं,” म्हणून ते उठले. खिशातला कागद खिशातच राहिला. तीन दिवसांनी पुन्हा तेच झालं. मग आणखी दोनदा. घरी येऊन आरामखुर्चीत बसलं की जीव शांत व्हायचा, म्हणजे खोट तिकडेच असणार हे त्यांनी मनाशी धरलं. त्यांना फार वाईट वाटलं.

सोसायटीतही काहीसं बिनसलं होतं. पेन्शनरांचा पत्त्यांचा डाव मोडला. फाटकात उभ्या राहून होणाऱ्या बायकांच्या गप्पा आटल्या. जो तो म्हणे, हल्ली कुणाला कुणासाठी वेळ नाही.

बाराव्या दिवशी जिना चढताना अण्णांना दोनदा थांबावं लागलं. राहू दे ती झडप, असं त्यांनी जवळजवळ ठरवूनच टाकलं. तेवढ्यात जिन्याच्या खिडकीतून टाकीखाली संग्राम दिसला. सगळं टोळकं हजर होतं, पायाशी बाटल्या होत्या.

“काय करताय रे?” अण्णांनी वरूनच विचारलं.

“गाडी दुरुस्त करतोय काका.” संग्रामने हातातला पाना उंचावून दाखवला. गाडीला काहीही झालेलं नव्हतं.

कागदाचं सांगायला न रेटणारी अण्णांची जीभ तक्रारीला मात्र लगेच रेटली. त्यांनी प्रयोगशाळेत फोन लावला. इरफानने यंत्राची नोंदवही उघडली, वाचली आणि ऋजुतापुढे ठेवली.

संध्याकाळी ती अण्णांच्या दारात उभी होती.

“काय गं, काय काम काढलंस?”

“काही नाही. सहज आले.”

चहा झाला. थोड्याच वेळात ऋजुता ओढणीचं टोक पिळायला लागली. तिची नजर दाराकडे गेली, परत आली, पुन्हा गेली. ही चुळबुळ अण्णांच्या चांगली ओळखीची होती.

“अण्णा,” खुर्चीचे हात घट्ट धरून ती म्हणाली, “मला आत्ता उठून जावंसं वाटतंय. तुम्ही नकोसे झालात म्हणून नाही. ही तुमची घंटी करतेय.”

मग तिने सगळं सांगितलं. घंट्या बसल्यापासून उठवलेल्यांच्या यादीत टोळक्यातलं एकही नाव नव्हतं. टोळक्याने ‘सहज’ म्हणणं सोडलं होतं, आणि हातात पाना असला की यंत्राला काम दिसे. यादीत होते ते पेन्शनर, शेजारणी, आणि ऋजुताच्या दारात चार वेळा अण्णा.

“घंट्या मीच बसवून दिल्या. माझ्या घरी तुम्ही बाहेरचे ठराल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.”

“चोर सोडून संन्याशाला फाशी,” अण्णा म्हणाले. “आणि दोर मीच वळून दिला. मला वाटत होतं, तुलाच मी नको असतो.”

ऋजुताचे डोळे भरून आले.

“मग बंद कर की ते,” अण्णा म्हणाले.

“समितीच्या सहीशिवाय होत नाही, आणि सभा रविवारी. मला तेवढा धीर नव्हता. चार वेळा आलात अण्णा. काय सांगायचं राहिलंय?”

पायात चप्पल नसताना असं काही सांगायची अण्णांना सवय नव्हती. त्यांनी खिशातून कागद काढला. “अगं हो, एक राहिलंच. तुझी सही लागणार आहे.”

सही हा शब्द निघाला आणि ऋजुताची बोटं थांबली. यंत्राला काम सापडलं होतं. तिने कागद दोनदा वाचला, वडिलांवर मनसोक्त रागावली, डॉक्टरांना फोन करून परवाची वेळ पक्की केली आणि खाली सही केली.

काम संपलं. कप रिकामे झाले. सात मिनिटांनी तिची बोटं पुन्हा ओढणीकडे गेली.

“नीघ आता,” अण्णा म्हणाले. “तुझी चुळबुळ बघवत नाही.”

ऋजुताने दोन्ही पाय वर घेतले आणि खुर्चीवरच मांडी घातली.

“माझं इथं काही काम नाही,” ती म्हणाली. “सहज बसलेय.”