देवराईत राहिलेला आवाज

बसा, सांगते. सलिल नावाच्या त्या बिल्डरला आपल्या बंगल्यांच्या प्रकल्पासाठी ‘अभयारण्य’ हे नाव हवं होतं. मी वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, म्हणून जागा दाखवायला मला शनिवार पेठेतून थेट खडकवासल्याच्या पुढे घेऊन गेला. गाडीत अत्तराचा भपकारा आणि अखंड बडबड.

“मॅडम, अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान एकच ना?”

“नाही. राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायलाही मनाई. अभयारण्यात माणसांचे काही हक्क शिल्लक राहू शकतात. आपल्या प्रकल्पात मात्र फक्त गिऱ्हाईक राखलं जाणार.”

तो खूश होऊन हसला. टोमणा कळायलाही थोडी अक्कल लागते.

जागेला लागूनच देवराई होती. देवाच्या नावानं राखलेलं रान. त्यातली वाळकी काडीही कुणी बाहेर नेत नाही. शेजारी राहणाऱ्या मुक्ताबाई आडव्या आल्या.

“आत बोलू नगा, साहेब. जायचं तर गुमान जावा.”

“झाडांना कान असतात वाटतं!” असं म्हणत हा शहाणा मोबाइलवर मोठमोठ्यानं बोलतच आत घुसला. मी मुक्ताबाईंजवळ बाहेरच थांबले.

भर दुपार, पण आत काळोख दाटलेला. ओल्या पाचोळ्याचा, कुजक्या फुलांचा वास बाहेर येत होता. एक पाखरू बोलेना. सलिलचा आवाज तेवढा लांब लांब जात राहिला… मग एका जागी थांबला.

“मॅडम… आत या ना… गार आहे इथे…”

मी पाऊल उचललं, तोच कुणीतरी मागून माझा दंड धरला. सलिल! घामानं निथळत होता. तोंड उघडत होतं, मिटत होतं. आवाज फुटत नव्हता.

“मॅडम… या ना…” आतून तोच आवाज.

मुक्ताबाईंनी आम्हा दोघांना अक्षरशः ओढत गाडीपर्यंत नेलं.

त्या दिवसापासून सलिल मुका आहे. डॉक्टरांना घशात काही सापडत नाही. प्रकल्प बारगळला. खरं सांगू? मुका सलिल मला जास्त सुसह्य वाटला असता; पण भेटायला गेले तेव्हा त्याच्या डोळ्यांकडे बघवेना.

आज सकाळी मुक्ताबाईंचा फोन आला. दबक्या आवाजात बोलत होत्या.

“बाई, साहेबाचा आवाज रोज येतोय आतनं. पर आता एकला न्हाई. मागनं कुणीतरी त्येचा शब्दन् शब्द म्हणतंय… बोलायला शिकल्यागत.”

“कोण?”

“ठावं न्हाई. काल त्यानं पयल्यांदा आपल्या मनानं इचारलं…”

“काय?”

“‘बाहेर जायची वाट कुठे आहे?’”