शेवटच्या कॉन्सर्टमधला गिटारवाला

"ही रेकॉर्ड खोटी आहे. यात वाजवणारा माझा नवरा नाही!"

फोनवरच्या बाईंचा आवाज संतापानं थरथरत होता. रेडिओवर जुन्या रॉक बँडचा कार्यक्रम करणाऱ्या निवेदिकेनं हातातला चहा तसाच बाजूला ठेवला. सहकारी तिला 'कानसेन' म्हणत, ते काही उगाच नव्हतं. सकाळीच आलेली, एका जुन्या बँडच्या शेवटच्या कॉन्सर्टची ती रेकॉर्ड तिनं पुन्हा लावली.

तिघांच्या त्या बँडचा गिटारवाला, म्हणजे या बाईंचा नवरा, त्या कॉन्सर्टनंतर घरी परतताना अपघातात गेला होता. तो स्टेजवरच पिऊन तर्र होता, ही कुजबुज तेव्हापासूनची. आता या रेकॉर्डनं त्या कुजबुजीवर शिक्का बसला. रेकॉर्डवरची गिटार जागोजाग अडखळत होती. पेपरवाल्यांनी मेलेल्या माणसाची लक्तरं वेशीवर टांगली होती.

कव्हरवर ठळक छापलं होतं: 'याच संध्याकाळी ते गाजलेलं गाणं लोकांनी प्रथमच ऐकलं.'

कानसेननं ते गाणं ऐकलं. पहिल्या ओळीपासून अख्खा प्रेक्षकवर्ग सोबत गात होता. गाण्याआधीच्या टाळ्या मात्र मध्येच तुटल्या होत्या.

ती तडक रेकॉर्ड कंपनीत गेली.

"टेप कुणी दिली?" तिनं संपादकाला विचारलं.

"गिटारवाल्याच्या धाकट्या भावानं. बँडमधले बाकीचे दोघेही आता हयात नाहीत. सगळ्या टेप त्याच्याकडेच असतात."

"तुम्ही कुठे कात्री लावलीत?"

"छे! आली तशी छापली."

थोरला गेल्यावर त्याच्या जागी हा धाकटाच गिटार घेऊन उभा राहिला होता. कानसेन बाईंना घेऊन त्याच्या तालमीच्या खोलीत गेली.

"टेपच्या डब्यांची अदलाबदल झाली असेल," तो म्हणाला. "माणूसच आहे, चुकतो."

"डबा चुकून बदलेल. कात्री चुकून चालत नाही," कानसेन म्हणाली. "लोक जे गाणं पहिल्यांदाच ऐकतायत, ते त्यांना पाठ कसं? म्हणजे ही टेप नंतरची. आणि थोरल्यानंतर गिटार वाजवत होतात तुम्ही. गाण्याआधी गायकानं बहुधा त्याला श्रद्धांजली वाहिली असणार. ती राहिली असती तर बिंग फुटलं असतं, म्हणून ती कापलीत. तुमची सगळ्यात वाईट संध्याकाळ तुम्ही मेलेल्या भावाच्या नावावर खपवलीत."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"का, भावोजी?" बाईंनी विचारलं.

"आयुष्यभर एकच ऐकत आलो, वहिनी. थोरल्याची सर नाही. कंपनीनं शेवटची कॉन्सर्ट मागितली, तेव्हा दादाची टेप काढून ऐकली. प्यायलेल्या माणसाचे हात नव्हते ते. ती बाहेर आली असती, तर मला कुणी हिंग लावून विचारलं नसतं."

"कुठाय ती टेप?"

"पुसली."

त्या कॉन्सर्टच्या संध्याकाळी बाई तापानं फणफणलेल्या लेकीच्या उशाशी बसल्या होत्या. नवऱ्याचं ते शेवटचं वाजवणं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

त्यांनी भिंतीवरची गिटार काढून दिराच्या मांडीवर ठेवली.

"ते गाणं त्यांनी कसं वाजवलं, तेवढं दाखवा."

त्यानं तारांवर बोटं ठेवली. दोन सूर लागले. तिसरा लागेना.

"नाही येत मला, वहिनी," तो म्हणाला. "येत असतं, तर पुसली असती का?"