धरलेला ब्रेक

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक गाडीखाली, एक गाडीत. खालच्याने "दाब" म्हटलं की वरच्याने पेडल दाबायचं, "धर" म्हटलं की तसंच धरून ठेवायचं. मग खालचा चाकामागचा छोटा नट सैल करतो, ऑइलबरोबर अडकलेली हवा बुडबुडत नळीतून बाहेर येते, नट पुन्हा आवळला जातो आणि त्यानंतरच "सोड". वरच्याने घाई करून आधी पाय उचलला, तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळी मेहनत पाण्यात.

लिफ्टकाकांना ही कवायत नवी नव्हती. त्यांचा उभा जन्म लिफ्टच्या दुरुस्तीत गेलेला. तिथेही एक माणूस खाली खड्ड्यात, एक वर मोटरपाशी आणि मध्ये नुसता काळोख. जोडीदार दिसत नाही, त्याचं उत्तर तेवढं ऐकू येतं. उत्तर आल्याशिवाय हात हलवायचा नाही, आणि आलं की शंका घ्यायची नाही. या एका सवयीवर काका धडधाकट निवृत्त झाले होते.

आज पेडलवर त्यांची बायको होती. ती हॉस्पिटलात नर्स होती म्हणून सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची, आणि आधी थट्टेने, मग सवयीने, काकाही.

"धर."

"धरलं. अहो, अजून किती चालायचं हे? पोटरीत गोळा आलाय माझ्या."

"वॉर्डात रात्र रात्र उभी राहायचीस की."

"तिथे निदान पेशंट आभार मानायचे. हा तुमचा म्हातारा लोखंडाचा."

म्हातारा म्हणजे ती गाडी. गोल दिव्यांची, जाड पत्र्याची, आत शिरलं की जुन्या चामड्याचा आणि दमट कापडाचा वास येणारी. लेकीला नव्या गाड्या आवडत नसत. ही दिसली आणि बाई हट्टाला पेटली. डोंगरावरच्या शाळेत तिला नोकरी लागली होती. उद्यापासून त्या उताराच्या रस्त्यावरून ती रोज एकटी ये-जा करणार होती. आणि गाडीचा पहिला मालक त्याच रस्त्यावर, एका वळणावरून खाली गेला होता. ही बातमी पत्रा ठोकणाऱ्याने पुरवली, तीही नेमकी सिस्टरांच्या देखत. "शेवटपर्यंत ब्रेक दाबूनच होता हो तो. पाय सोडवताना लोकांच्या नाकी नऊ आले."

झालं. सिस्टरांनी दोन दिवस अबोला धरला. लेक काही मागे हटेना. अखेर काकांनी दोघींना शब्द दिला होता, "ब्रेक मी स्वतः बसवतो. डिस्क नवीन, पॅड नवीन, नळ्या नवीन. माझ्या हाताखालची लिफ्ट कधी पडली नाही, ही गाडीही थांबेल." आता पोरीचा जीव त्या शब्दावर होता, आणि काकांना त्याची पुरती जाणीव होती.

जुने भाग काढताना त्यांना सगळं समजलं होतं. डिस्क गंजाने खरखरीत, पिस्टन जागेवर चिकटलेले आणि पुढची एक नळी फुटलेली. म्हणजे त्या माणसाचं पेडल रिकामंच खाली गेलं असणार. दाबतोय, दाबतोय, आणि खाली काहीच नाही. 

तीन चाकं झाली. काका सरपटत चौथ्यापाशी आले. दुपार कलली होती. अर्ध्यावर ओढलेल्या शटरखालून उन्हाचा पट्टा आत येत होता, आणि शेजारी कुठेतरी लाकूड कापायचं यंत्र कर्र कर्र ओरडत होतं.

"दाब."

पेडल खाली गेलं. नळीत ऑइल हललं, म्हणून कळलं.

"धर."

उत्तर आलं नाही. वर पत्र्यावर टाचेचा ठक्क आवाज तेवढा झाला. रुसली वाटतं, काका मनाशी हसले. पण टाच आपटली, म्हणजे तेही उत्तरच. त्यांनी नट सैल केला. दोन बुडबुडे, मग नितळ ऑइल. असा एकसारखा, न डळमळणारा दाब सिस्टरांनी अख्ख्या दुपारी दिला नव्हता. काकांनी नट आवळला.

"सोड. झालं बघ काम. आता चहा टाक मस्त."

पेडल सुटलं नाही. काकांनी डिस्क हाताने फिरवून पाहिली. ती जागची हलेना.

"अगं, सोड म्हटलं ना."

तेवढ्यात शटरखालच्या उन्हात दोन पावलं दिसली. निळ्या पट्ट्याच्या सपाता. त्या घराकडून येत होत्या.

"कुणाशी बोलताय?" सिस्टरांनी बाहेरून विचारलं. "लेकीचा फोन होता. जाते म्हणून सांगितलं की तुम्हाला. त्या यंत्राच्या आवाजात ऐकलं नाहीत वाटतं."

काका तसेच पडून राहिले. त्यांच्या तोंडावर दीड टन लोखंड होतं.

"सिस्टर..." ते हळू म्हणाले. "आत बघ. सीटवर."

सपाता पुढे आल्या, दारापाशी थांबल्या.

"कुणी नाही."

"आणि पेडल?"

सिस्टरांनी दारातून आत डोकावून पाहिलं. मग म्हणाल्या, "खाली आहे... अगदी टेकलंय. तुम्ही बाहेर या आधी. सावकाश या."

काका सरपटत बाहेर आले. हाडाचा कारागीर. आधी त्यांनी स्प्रिंग अडकली का पाहिलं, मग दोन्ही हातांनी पेडल वर ओढलं. ते हलेना.

"ओढू नका," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज वॉर्डातला झाला होता. "घाबरलेला पेशंट पलंगाची दांडी धरून ठेवतो ना, त्याची बोटं ओढायची नसतात. जास्तच आवळतो. सांगावं लागतं त्याला." त्या दाराशी वाकल्या आणि रिकाम्या सीटला म्हणाल्या, "थांबली हो गाडी. खरंच थांबली. सोडा आता."

पेडल हळूहळू वर आलं.

दोघं ओट्यावर जाऊन बसले. भीती होतीच, पण काकांना त्या माणसाची कणव आली. किती वर्षं तो माणूस दाबतच राहिला असेल, आणि आज पहिल्यांदा त्याच्या पायाला काहीतरी लागलं.

"सुटला बिचारा," सिस्टर म्हणाल्या. "पोरीला नका सांगू. हसेल."

मग काकांनी एकट्याने गाडी गल्लीतून फिरवून आणली. आधी हळू, मग वेगात, पुन्हा पुन्हा ब्रेक दाबून पॅड डिस्कवर नीट बसवले. गाडी दर वेळी सरळ रेषेत, डावी-उजवीकडे न ओढता थांबली. पेडलही जिथल्या तिथे वर येत होतं. काकांच्या जिवात जीव आला. शब्द पाळला होता.

उन्हं उतरायच्या आत लेक आली. चावी घेऊन म्हणाली, "चला बाबा, उतारावर बघूनच येऊ."

ती चालवत होती, काका शेजारी. गाडी सुरेख उतरत होती आणि लेक गुणगुणत होती. पुढे ते वळण आलं. कठड्याचा नव्याने बांधलेला भाग तेवढा फिकट दिसत होता.

"इथे दाब," काका म्हणाले.

तिने दाबलं. गाडी वळणाच्या बरीच अलीकडे, जागच्या जागी थांबली.

"बघ, म्हटलं नव्हतं? आता सोड आणि चल हळूहळू."

गाडी हलली नाही. लेकीने स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. नजर समोर रस्त्यावर.

"बाबा..."

"काय गं?"

"पाय काढा ना तुमचा. लागतंय मला."

काकांनी खाली पाहिलं. त्यांचे दोन्ही पाय त्यांच्याच बाजूला होते. पलीकडे, पेडलवर, लेकीच्या कापडी बुटाचा वरचा भाग चेपला होता, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तो आणखी चेपला.