सिंहाच्या फोटोखालचं नाव

मैत्रिणींची जिप्सी भरली, म्हणून मला दुसरीत बसवलं. गीरच्या फाटकाशी मी फोनवर सांगत होते, "घातलं व आई, स्वेटर घातलं!" तेवढ्यात बाजूच्या सीटवरून आवाज आला, "बोलण्यावरून सौंसरकडच्या वाटता... काय तुमी?"

मी चमकून पाहिलं. गळ्यात हातभर लेन्सचा कॅमेरा आणि गालावर खळी!

"मी ऋषिकेश. पांढुर्ण्याले फोटो स्टुडिओ आहे माया. नवरदेवाचे फोटो काढून काढून कंटाळलो. म्हटलं, आता सिंह!"

"मी उर्वशी. शाळेत शिकवते."

"सिंह दिसला तं घाबरू नका हं... मी आहो."

तासाभरानं पिवळ्या गवतातून सिंह उठला आणि थेट आमच्याकडे चालत आला. दहा पावलं... पाच... कॅमेऱ्याचा आवाज काही येईना. वळून पाहते तर — सीट रिकामी! ऋषिकेश खाली पायांपाशी, डोळे घट्ट मिटून जामसांवलीच्या मारुतीला हाका मारत होता.

"फोटो काढा ना!" मी कुजबुजले.

कॅमेरा तेवढा वर आला. "तुमीच काढा... बटन उजवीकडे आहे."

मी काढला. सिंहानं नेमकी तेव्हाच जांभई दिली.

नंतर महिनाभर त्याचा रोज फोन. "जेवल्या काय?" एवढंच विचारायला तो पाऊण तास घ्यायचा, आणि मी घेऊ द्यायची.

मग पांढुर्ण्यात फोटोंचं प्रदर्शन भरलं. त्यानं आग्रहानं बोलावलं. मी नवीन साडी नेसून गेले... जांभईच्या फोटोला पहिलं बक्षीस! खाली नाव — ऋषिकेशचं.

मी तशीच दाराकडे वळले.

"थांबा!" मंचावरून माइक करकरला. "हा फोटो माया नाही. सौंसरच्या उर्वशी मॅडमनं काढला. मी... मी सीटखाली होतो."

सभागृह हसून हसून लोळलं. मी थांबले नाही.

बसस्टँडवर तो धापा टाकत आला.

"काहून टाकलं होतं तुमचं नाव?"

"तुमचंच टाकणार होतो, म्हणून तं बोलावलं. पण लाज वाटली, लोक हसतीन म्हणून. मंग तुमी दाराकडे जाऊन राहिल्या... तं वाटलं, हसू दे लोकाइले. उर्वशी, मले तुमी... आवडता."

"सौंसर! सौंसर!" कंडक्टर ओरडला.

मी पायरीवर पाय ठेवला. ऋषिकेशचा चेहरा पडला.

"याच्यानंतरची बस कवा आहे?" मी विचारलं.

"अर्ध्या तासानं."

मी पाय खाली घेतला. बस निघून गेली. बाकावर जरा सरकून बसत मी म्हटलं, "मंग बसा ना... उभे काहून?"