डाव्या पंखातलं पाणी

ताईची बॅग घेऊन जा, असा ताईला विमान शिकवणाऱ्या कॅप्टनचा निरोप आला म्हणून मी दुपारी फ्लाइंग क्लबवर गेलो. महिन्याभराने तिथे पाय ठेवला. हँगरमध्ये तोच पेट्रोलचा वास. ताईच्या विमानाची जागा तेवढी रिकामी, खाली तेलाचा डाग.

मी तिथेच कामाला होतो. विमानं पुसायची, ढकलायची आणि सकाळी टाकीत पाणी आहे का ते बघायचं. थंडीत अर्ध्या भरलेल्या टाकीत रात्रभर दव धरतं. पंखाखालच्या तोटीतून काचेच्या नळीत थोडं पेट्रोल काढायचं. विमानाचं पेट्रोल निळं असतं. पाणी असलं तर तळाला वेगळा, बिनरंगी थेंब दिसतो. ते इंजिनात गेलं की इंजिन बंद पडतं. दोन पंख, दोन टाक्या, दोनदा काढायचं. एवढंच काम. ते शिकवलं ताईने, नोकरीही लावली तिनेच. पाचवीत शाळा सोडलेल्याला दुसरं कोण घेणार होतं?

त्या दिवशी ती एकटी उडणार होती. उतरायचं, चाकं टेकवायची, लगेच पुन्हा वर जायचं, असा सराव. मी उशिरा पोचलो. मेकॅनिक लोकांसमोर ती मला घरातल्या नावाने हाक मारून हसत म्हणाली, "ढब्बू, टाकीतलं पाणी नंतर बघ, आधी थोडं तोंडावर मार." सगळे खो खो हसले. माझं डोकं फिरलं. उजवा पंख पाहिला आणि नळी खिशात टाकली.

"ढब्बू, दोन्ही बाजू?"

"पाहिल्या. जा आता एकदाची."

नियमाने तिनेही स्वतः बघायला हवं होतं. इतर कुणी काढलेलं ती पुन्हा बघायची. माझं कधीच नाही.

पहिली फेरी नीट झाली. दुसऱ्या फेरीला चाकं जमिनीवरून सुटली आणि इंजिन गुरगुरून बंद पडलं. ती धावपट्टीकडे वळायला गेली आणि पडली. सगळे म्हणाले, इंजिन गेलं की सरळ समोरच्या मोकळ्या रानात उतरायचं, ते सोडून वळली, पोरीची चूक. आई अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "चुकली हो माझी पोर." मी शेजारीच बसलेला असतो. 

आज कॅप्टन रेडिओच्या खोलीत होते.

"बस. तिचं शेवटचं रेकॉर्डिंग आहे. एक शब्द कळत नाही, घरातला असेल. ऐकशील?"

खरखर. मग ताईचा धापा टाकणारा आवाज. "इंजिन गेलं... वळतेय..." आणि अगदी हळू, "ढब्बू... दोन्ही बाजू?"

लगेच एका पुरुषाचा आवाज. "पाहिल्या."

"ढब्बू कोण?" कॅप्टननी विचारलं. "आणि हे उत्तर कुणाचं? तेव्हा या खोलीत मी एकटा होतो रे. मी तर बोललो नाही..."



"माझं," मी म्हणालो. "सर, मी डावी बाजू पाहिलीच नाही."

कॅप्टननी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "हे लिहून द्यावं लागेल."

"देतो. आईलाही सांगतो. आजच."

त्यांनी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. इंजिन गेलं. वळतेय. ढब्बू, दोन्ही बाजू?

या वेळी उत्तर आलं नाही. नुसती खरखर, कुणीतरी कान देऊन थांबल्यासारखी. रेकॉर्डिंग इथे संपायला हवं होतं. संपेना.

"...दोन्ही बाजू?"

कॅप्टननी घाईने बटण दाबलं. खोली गप्प झाली. तेवढ्यात माझ्या छातीला गार लागलं. शर्टाच्या खिशात ती नळी होती. त्या दिवसापासून मी ती सोबतच ठेवायचो, कोरडी ठणठणीत. मी ती बाहेर काढली. काठोकाठ निळी, आणि तळाला बोराएवढा पाण्याचा थेंब.

माझा हात थरथरत होता. थेंब हलत नव्हता.